किल्ली हुद्द्याकडे असावी

शिंद्यांच्या गंगाजळीची हकिकत ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. युद्ध किंवा दुष्काळ आला तर हाताशी असावी म्हणून किल्ल्यातल्या गुप्त तळघरांत साठवलेली दौलत, आणि तिथपर्यंत नेणारं बीजक, म्हणजे त्या जागेची गुप्त खूण, फक्त गादीवर बसलेल्या माणसाला ठाऊक. त्याने ते वारसाला सांगायचं, अशी रीत. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या आत्मकथनातही ही हकिकत आली आहे. १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला किल्ला १८८६ मध्ये तेव्हाचे महाराज जयाजीराव शिंदे यांना परत मिळाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव वारले. वारस माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगायचं राहून गेलं आणि घरात असलेली दौलत घरच्यांनाच शोधत बसावी लागली. पुढे तिचा काही भाग हाती आला असं सांगतात. या हकिकतीत गुपित फुटू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली दिसते, पण ते हरवू नये याची तजवीज कुठेच दिसत नाही. किल्ली गादीकडे आहे असं सगळे समजत होते. प्रत्यक्षात ती एका माणसाकडे होती.

आज हाच प्रकार आपल्या चर्चागटांत सर्रास घडतो. ग्वाल्हेरचं लष्कर हे शहरच मुळात दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळातून, १८१० च्या सुमारास उभं राहिलं. दाना ओली ही त्या लष्करातल्या जुन्या बाजारपेठांपैकी एक, धान्याच्या व्यापारावरून नाव पडलेली. अशा वस्त्यांमधल्या मराठी घरांची पुढची पिढी इंदूर, पुणे, बंगळुरूला आणि समुद्रापलीकडे पांगली आहे. वाडे विकले जातात किंवा भाऊबंदकीत अडकतात, आणि माणसांना धरून ठेवणारी एकच जागा उरते, ती म्हणजे ग्रुप. तिथे गणपतीची वर्गणी जमते, कुणाला रक्त हवं असल्याचा निरोप येतो, मोडीतल्या कागदांचे फोटो वाचायला टाकले जातात, मुलामुलींच्या पत्रिका फिरतात आणि राजकारणावरून भांडणंही होतात. हे सगळं एकाच दालनात चालतं आणि त्या दालनाची व्यवस्था ज्याने ते उघडलं त्याच्याकडे असते, मग तो आजारी असो, रागावलेला असो किंवा वर्षभर फिरकलेला नसो.

अशा गटांनी थोडे मोठे झाल्यावर स्वतःच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर जाणं आता कठीण राहिलेलं नाही. मॅटरमोस्ट, झुलिप, मॅट्रिक्स अशी साधनं आहेत, आणि स्वतःचा सर्व्हर नको असेल तर कंपनीच्याच सर्व्हरवर चालणारं डिस्कॉर्ड आहे. त्यांत एका संस्थेच्या छताखाली अनेक दालनं उघडता येतात आणि प्रत्येक दालनात कोण काय करू शकेल हे ठरवता येतं. हे ठरवण्याचं काम घरातल्या ‘कॉम्प्युटर येणाऱ्या’ मुलावर सोपवलं जातं आणि तो अर्ध्या तासात खुणा करून मोकळा होतो. माझं म्हणणं असं की हे काम तांत्रिक नाही. ती त्या समूहाची घटना लिहिण्याची वेळ असते. आणि त्या घटनेचं पहिलं कलम असं असावं की अधिकार माणसाला द्यायचा नाही, हुद्द्याला द्यायचा. माणूस हुद्द्यावर येईल तेव्हा अधिकार त्याला मिळेल आणि तो उतरला की अधिकार मागेच राहील.

ही कल्पना परदेशातून आलेली नवी शिस्त आहे असं कुणाला वाटेल, तर आपला इतिहास तसं सांगत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था दिली आहे. प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, तिघांचा दर्जा सारखा. किल्ल्या आणि दरवाजे हवालदाराच्या जबाबदारीत, हिशेब आणि हजेरी सबनीसाकडे, गस्त आणि शिबंदी सरनोबताकडे. शिवाय कोठारासाठी कारखानीस. ते वेगवेगळ्या जातींचे नेमायचे, म्हणजे आपसांत संगनमत होऊन गड शत्रूच्या हाती जाणं अवघड व्हावं. आजच्या संगणकशास्त्रात ज्याला कर्तव्यांची विभागणी म्हणतात ती हीच. हवालदार कितीही विश्वासू असला तरी हिशेबाची वही त्याच्या हातात नाही, आणि सबनीस कितीही हुशार असला तरी दरवाजा त्याला उघडता येत नाही. कोण किती सज्जन आहे याची पारख करून ही रचना केलेली नव्हती. सज्जन माणसालाही मोहाच्या आणि संशयाच्या जागी एकटं उभं करू नये, एवढाच तिचा हेतू दिसतो.

याच राजवटीने दुसरी एक गोष्ट केली आणि पुढच्या काळात ती मोडली. महाराजांनी कामगारांना शक्यतो रोख वेतन दिलं, वतनं देण्याचं टाळलं, पदं वंशपरंपरा होऊ दिली नाहीत. राजारामांच्या काळात, मोगलांशी जिवावरच्या लढाईत माणसं टिकवण्यासाठी वतनं आणि सरंजाम वाटावे लागले. अठराव्या शतकात खुद्द पेशवाईच वंशपरंपरेची झाली. हुद्दा माणसाला, मग घराण्याला चिकटला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो सावध सूर आहे तो या अनुभवातून आलेला आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला इथे एक आक्षेप सुचणं स्वाभाविक आहे. राणोजी शिंद्यांना माळव्यात मिळालेल्या सरंजामातूनच आपलं राज्य उभं राहिलं, महादजींसारखा मुत्सद्दी त्याच व्यवस्थेत घडला; मग वंशपरंपरेला दोष कसा द्यायचा? महादजींचं कर्तृत्व निर्विवाद आहे. पण कर्तृत्व वारशाने येईलच याची हमी नसते, आणि त्यांच्या मागून दौलतरावांच्या कारकिर्दीत, अवघ्या काही वर्षांत, इंग्रजांशी झालेल्या १८०३ च्या लढायांमध्ये कसा पराभव झाला हे सर्वांना माहीत आहे. व्यवस्था थोर माणसाच्या काळात कशी चालते यावरून तिची परीक्षा होत नाही. त्याच्यानंतर येणाऱ्याच्या हातात ती काय देते, हे पाहावं लागतं.

आता आपल्या हातातल्या साधनाकडे याच नजरेने पाहावं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये मुळात दोनच हुद्दे आहेत, ॲडमिन आणि सदस्य. ग्रुप उघडणाऱ्याला कुणीही काढू शकत नाही. तो स्वतः बाहेर पडेपर्यंत ॲडमिनच राहतो. ते वतन आहे. एकच ॲडमिन असेल आणि तो बाहेर पडला, तर उरलेल्यांपैकी कुणी एक आपोआप ॲडमिन होतो, निवड नाही की विचारणा नाही. आणि कुठलाही ॲडमिन दुसऱ्या कुणालाही ॲडमिन करू शकतो. वीस जणांच्या कुटुंबाला हे पुरतं. पण आता त्या ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, आणि तेवढ्या वस्तीचा कारभार दोन हुद्द्यांवर चालवणं म्हणजे अख्ख्या गडावर एक हवालदार आणि बाकी सगळी शिबंदी.

हुद्द्यांनी अधिकार देण्याची आजची रीत शास्त्र म्हणून मांडली गेली ती १९९२ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणन संस्थेतले डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी एका परिषदेत त्यावर निबंध वाचला. १९९६ मध्ये रवी संधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची प्रतिमानं मांडली. २००४ मध्ये ती अमेरिकेत अधिकृत प्रमाणक झाली. फेराइओलो आणि कून यांच्या निबंधातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. त्याआधीच्या पद्धतीत असं गृहीत होतं की जो फाइल तयार करतो तो तिचा मालक, आणि ती कुणाला दाखवायची ते तोच ठरवणार. त्यांनी दाखवून दिलं की बहुतेक संस्थांत हे खरं नसतं. कर्मचारी ज्या माहितीवर काम करतो तिचा तो मालक नसतो, ती संस्थेची असते, आणि म्हणून ती कुणाला द्यायची याचा निर्णयही त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. आपल्या गटातली पत्रिकांची यादी ज्याने टंकून काढली तो तिचा मालक होत नाही. वर्गणीच्या हिशेबाचा तक्ता खजिनदाराच्या लॅपटॉपवर असला म्हणून खजिनदाराचा होत नाही.

या पद्धतीचा व्यवहारातला फायदा साध्या गणिताने कळतो. समजा, दाना ओलीतल्या घरांच्या एका गटात २०० माणसं आहेत आणि सहा दालनं: सर्वसाधारण गप्पा, तातडीची मदत, हिशेब, वधू-वर, जुने कागद, कार्यकारिणी. प्रत्येक दालनात सहा प्रकारचे अधिकार ठरवायचे: वाचणं, लिहिणं, दुसऱ्याने लिहिलेलं काढून टाकणं, माणसं आत घेणं किंवा बाहेर काढणं, दालनाची रचना बदलणं, आणि इतरांना अधिकार देणं. प्रत्येक माणसासाठी वेगळं ठरवायचं तर २०० गुणिले ३६, म्हणजे ७,२०० निर्णय होतात. कुणीही ते विचारपूर्वक घेणार नाही. मग ‘सगळ्यांना सगळं’ हाच निर्णय होतो. पाच हुद्दे ठरवले, तर पाच गुणिले ३६, म्हणजे १८० निर्णय एकदाच, आणि पुढे प्रत्येक माणसाचा हुद्दा कोणता एवढंच लिहायचं. १८० खणांचा तक्ता एका कागदावर मावतो, सभेत वाचून दाखवता येतो, त्यावर वाद घालता येतो. ज्या परवानग्या माणसांना वाचून दाखवता येत नाहीत त्यांना कुणाची संमती आहे असं म्हणताच येत नाही.

त्या सहा अधिकारांत सगळ्यात धोक्याचा कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण ‘काढून टाकण्याचा’ म्हणतील. मला शेवटचा जास्त धोक्याचा वाटतो. ज्याला अधिकार देण्याचा अधिकार आहे त्याच्याकडे बाकीचे सगळे असल्यासारखेच असतात, कारण तो ते स्वतःलाही देऊ शकतो. चांगल्या साधनांनी याला कुंपण घातलं आहे. मॅट्रिक्समध्ये प्रत्येकाच्या अधिकाराला एक अंक असतो, साधा सदस्य शून्यावर, नियंत्रक ५० वर, व्यवस्थापक १०० वर, आणि कुणालाही आपल्यापेक्षा वरचा अंक दुसऱ्याला देता येत नाही. डिस्कॉर्डवर हुद्द्यांची उतरंड असते आणि माणूस आपल्या खालच्याच हुद्द्यांना हात लावू शकतो. पण तिथेच ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाची एक खूण आहे. ती कुणाच्या हुद्द्यावर केली की प्रत्येक दालनाचे सगळे निर्बंध त्याच्यापुरते संपतात. कंटाळून केलेली ती एक खूण त्या हुद्द्यापुरत्या सगळ्या ३६ निर्णयांवर पाणी फिरवते.

अजून एक बारकावा इथेच सांगायला हवा, कारण पुष्कळ गट त्याच्यावर घसरतात. एका माणसाचे दोन हुद्दे असले आणि एक म्हणाला ‘परवानगी आहे’, दुसरा म्हणाला ‘नाही’, तर काय व्हावं? विंडोजच्या फाइल-व्यवस्थेत स्पष्ट नकार होकारावर मात करतो. डिस्कॉर्डच्या दालनात दोन हुद्द्यांच्या झगड्यात होकार जिंकतो. दोन्ही नियम आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत, पण एकाची सवय घेऊन दुसऱ्याकडे गेलेला माणूस, एखाद्याला वधू-वर दालनाबाहेर ठेवलं आहे अशा भ्रमात राहतो, आणि बाहेर ठेवलेला तो सदस्य मात्र ‘ज्येष्ठ सदस्य’ या दुसऱ्या हुद्द्याच्या दाराने आत बसलेला असतो. म्हणून परवानग्या ठरवल्यावर एका साध्या सदस्याच्या खात्यातून आत शिरून काय काय दिसतं ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काम संपलं असं समजू नये. आणि सुरुवात नेहमी नकारापासून करावी. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं आहे की मूळ स्थिती प्रवेश नसण्याची असावी, कारण मग चूक झाली तर एखाद्याला दार बंद मिळतं. तो तक्रार करतो आणि चूक कळते. मूळ स्थिती मोकळी ठेवली तर चूक झाल्याचं कुणीच सांगायला येत नाही.

अधिकार आणि जबाबदारी यांचं नातं आपल्याकडच्या एका खटल्यात फार स्वच्छ दिसलं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव इथे २०१६ मध्ये एका व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनवर गुन्हा नोंदवला गेला. ग्रुपमधल्या एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी अश्लील भाषा वापरली आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, अशी तक्रार होती. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी, ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. न्यायालयाने पाहिलं ते हे की ॲडमिनच्या हातात नेमकं काय आहे. माणसं घेणं आणि काढणं, एवढंच. मजकूर प्रसिद्ध होण्याआधी तो अडवण्याची किंवा तपासण्याची शक्ती त्याच्याकडे नाही. तेव्हा समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट असल्याखेरीज दुसऱ्याच्या शब्दांचं उत्तर त्याला द्यायला लावता येणार नाही. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही याच दिशेने निर्णय दिला. मला हा निकाल योग्य वाटतो. त्यातून निघणारा पुढचा विचार मात्र अस्वस्थ करणारा आहे. २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. स्वतःच्या सर्व्हरवर तर काही साधनांत प्रसिद्धीपूर्वी मंजुरीची अटही घालता येते. हातात असलेली शक्ती वाढली की ‘मी काय करणार होतो’ हे उत्तर तितकं सोपं राहत नाही. म्हणून प्रतिष्ठेसाठी दहा जणांना ॲडमिन करून ठेवणं हा त्या दहा जणांवर अन्याय आहे. ज्याला लक्ष ठेवायला वेळ नाही त्याला पुसण्याचा अधिकार देऊ नये, त्याच्याच भल्यासाठी.

इथे आपल्या समाजातला खरा अडथळा समोर येतो, तो मानपानाचा. काकासाहेबांनी पन्नास वर्षं समाजाची कामं केली, त्यांना ‘साधा सदस्य’ कसं ठेवायचं? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण ज्यांनी माणसं जोडली त्यांना दुखावून गट टिकत नाही. पण यात दोन गोष्टींची गफलत होते. मान वेगळा, अधिकार वेगळा. बहुतेक सर्व्हरांवर असा हुद्दा करता येतो की ज्याचं नाव आणि रंग सगळ्यांना ठळक दिसेल, ‘मानद सल्लागार’ म्हणा किंवा ‘ज्येष्ठ’ म्हणा, आणि ज्याच्या मागे पुसण्याचा किंवा काढण्याचा एकही अधिकार नसेल. आपल्या सार्वजनिक संस्थांत हे रुळलेलं आहे. आश्रयदाते, मानद अध्यक्ष, माजी अध्यक्ष यांची नावं पत्रिकेवर वर छापतात आणि धनादेशावर सही मात्र सचिव व कोषाध्यक्षांची लागते. काकासाहेबांना हे कळत नाही असं समजणं हाच त्यांचा अपमान आहे. त्यांनी आयुष्यभर तेच केलेलं असतं.

दुसरा आक्षेप याहून जवळचा वाटणारा आहे. आपण एका वस्तीतली माणसं, एकमेकांच्या घरी जेवलेली. आपल्यात पहारे कशाला? हा अविश्वास नाही का? उलट मला वाटतं, ज्या गटात अधिकार कुठे लिहिलेले नसतात तिथेच अविश्वास वाढतो. संदेश नाहीसा झाला आणि तो कुणी काढला हे कळलं नाही, तर संशय प्रत्येक ॲडमिनवर जातो. एखाद्याला गटातून काढलं गेलं आणि कारण समजलं नाही, तर त्यामागे घराण्यांचं जुनं वैर दिसू लागतं. मराठी विकिपीडियाकडे पाहावं. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या ज्ञानकोशात कुणीही वाचू शकतो, जवळपास कुणीही लिहू शकतो, पण पान वगळण्याचा किंवा सदस्याला रोखण्याचा अधिकार प्रचालकांकडेच आहे. आणि प्रचालकाने केलेली अशी प्रत्येक कृती नोंदीत जाते. कुणी, कधी, काय कारण देऊन केली हे सगळ्यांना दिसतं, आणि वगळलेलं पान परत आणता येतं. तिथेही भांडणं होतात, कडाक्याची होतात. पण ती निर्णयाच्या नोंदीवर होतात, कुजबुजीवर नाही. शिवाय ज्या विकींनी स्वतःचा वेगळा नियम केलेला नाही तिथे दोन वर्षं काहीच न केलेल्या प्रचालकाला विचारणा होते आणि उत्तर नसेल तर अधिकार काढले जातात. यात कुणाची अप्रतिष्ठा नाही. परत काम करायचं असेल तर परत मागता येतात.

तिसरा आक्षेप संशयवाद्यांचा: एवढं करून उपयोग काय, स्क्रीनशॉट काढला की सगळं बाहेर. खरं आहे. ज्याला वाचता येतं त्याला ते बाहेर नेता येतं, याला कुठल्याही परवानगीत इलाज नाही. पण दोनशे जणांना दिसणारी पत्रिका आणि चौघांना दिसणारी पत्रिका यांच्यात फरक आहे. एक तर फुटण्याच्या वाटा कमी होतात. आणि फुटलंच तर विचारायचं कुणाला, हे माहीत असतं. किल्ल्यावरचे तीन अधिकारीही फितुरी अशक्य करत नव्हते. ती एकट्याने करता येऊ नये आणि झाली तर लपू नये, एवढंच ते करत होते, आणि तेवढं पुष्कळ असतं.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो बहुधा कुणी विचारत नाही. या सगळ्या हुद्द्यांच्या वर सर्व्हर ज्याच्या नावावर आहे तो बसलेला असतो. स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर, संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध केलेले नसतील, तर सर्व्हरचा मुख्य वापरकर्ता संचयातला मजकूर थेट वाचू शकतो. दालनांच्या परवानग्या त्याला अडवत नाहीत. व्हॉट्सॲपमध्ये हुद्दे कमी असले तरी ही एक भिंत आहे, कंपनीच्या सर्व्हरला संदेशाचा मजकूर वाचता येत नाही, आणि ती सोडून स्वतःच्या सर्व्हरवर जाताना आपण काय गमावतो हे सभासदांना आधी सांगितलं पाहिजे. त्यावर उपाय आहेत, ते थोडे कटकटीचे आहेत. डोमेन आणि सर्व्हरचं भाडं व्यक्तीच्या नावावर न ठेवता नोंदणीकृत संस्थेच्या नावावर घ्यावं. मध्य प्रदेशात १९७३ च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला ते करता येतं. मुख्य पासवर्ड रोजच्या कामासाठी वापरू नये. तो दोन पदाधिकाऱ्यांकडे सीलबंद असावा आणि कार्यकारिणी बदलली की बदलावा. सर्व्हर सांभाळणाऱ्याचं चर्चेतलं खातं इतरांसारखं साधं सदस्याचं असावं. आणि ज्याच्या हाती सर्व्हर आहे त्याच्याकडे हिशेबाचं किंवा पत्रिकांचं दालन सोपवू नये. तो कितीही कामसू असला तरी नाही. विशेषतः कामसू असला तर नाही, कारण कामसू माणसाकडेच एकेक अधिकार साचत जातो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘आमचा गट लहान आहे, आम्हाला याची गरज नाही’ असं म्हणणाऱ्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. भावंडांच्या, वर्गमित्रांच्या गटात पाच हुद्दे काढणं म्हणजे गप्पांची मजा घालवणं, आणि हुद्दे वाढवण्याची हौस तर मोठ्या गटांनीही आवरावी. माणसांइतकेच हुद्दे झाले तर सगळा खटाटोप फुकट. पण लहान-मोठं हे माणसं मोजून ठरवू नये. गट दुसऱ्याचा पैसा किंवा दुसऱ्याची माहिती सांभाळायला लागला की तो लहान राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या खाजगी वा घरगुती वापराला सूट दिली आहे, पण संस्थेने जमवलेली यादी घरगुती म्हणता येणं कठीण आहे. लग्नाच्या मुलीचा फोटो, जन्मवेळ, पगार, फोन नंबर हे तिच्या वडिलांनी विश्वासाने एका माणसाला पाठवलेलं असतं, आणि ते दोनशे फोनमध्ये साठून राहतं, तिचं लग्न झाल्यावरही. तिला कुणी विचारलेलं नसतं. म्हणून गटात वीसच माणसं असली तरी वधू-वर माहितीचं दालन पहिल्या दिवसापासून वेगळं हवं. त्यात वाचण्याचा अधिकार दोघा-तिघा जबाबदार माणसांच्या हुद्द्याला, त्यांतली निदान एक बाई. माहिती टाकण्यापूर्वी ज्याची त्याची, म्हणजे त्या मुलीची किंवा मुलाचीच संमती. आणि लग्न ठरलं किंवा वर्ष उलटलं की माहिती पुसण्याची जबाबदारी त्याच हुद्द्यावर, नाव घेऊन लिहिलेली.